एरिंजियमला दिलेल्या एका स्टारबद्दल, नर्सरीकडून

नमस्कार मॅडम, तुमचं एरिंजियम, ते निळ्या काटेरी फुलांचं झाड, गेलं याचं वाईट वाटलं, मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "सडलेल्या मुळाचं रोप गळ्यात मारलं, पहिल्या हिवाळ्यातच मेलं, जागा बदलूनही उपयोग झाला नाही" हे जे लिहिलंय ना ते फार लागलं, कारण नवीन गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू वाचतं आणि आमचं घर या नर्सरीवरच चालतं.

रोप तुम्ही वसंतात नेलंत. उन्हाळ्यात त्याला मस्त निळा फुलोरा आला, खाली ती चंदेरी काटेरी कॉलर, आणि तो फोटो तुम्हीच आम्हाला हौसेने पाठवला होतात. मूळ आधीच सडलेलं असतं तर फुलोरा सोडाच, पानंसुद्धा धरली नसती त्याने.

आता रिव्ह्यूमधला फोटो मी झूम करून करून बघितला. बुंध्याभोवती कंपोस्टचा जाड थर आहे, पार पानांच्या देठांपर्यंत चढलेला, आणि देठ नेमके तिथेच काळपट बुळबुळीत झालेत, वरचं पान अजून हिरवट आहे. तुम्ही मायेनेच घातलं असणार, पण या झाडाला ती माया सोसत नाही. हे मूळचं फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातलं, बर्फातही टिकतं, पण तिथे दगडगोट्यांतून पाणी लगेच खाली उतरतं. तुमच्याकडे हिवाळाभर माती ओली, वरून बुंध्याशी ओलं कंपोस्ट, मग सडणारच. बुंध्याशी खत नाही, बारीक खडी लागते, हे रोपासोबतच्या कागदावर होतं हो.

आणि जागा बदलली म्हणता, तर हे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं, सोटमूळ सरळ खोल जातं, एकदा रुजलं की हलवलेलं चालत नाही, खणताना मूळ तुटतंच. एवढं सगळं झाल्यावर एक स्टार आम्हाला, हे बरोबर वाटत नाही मॅडम, राग मानू नका.

कागदावरची अक्षरं मोठी करायचं बघतोय, बाकीही काही सुधारणा चालू आहेत. तुमची माती तशीच ओलसर राहणार असेल तर याचीच दुसरी जात, एरिंजियम अगावीफोलियम लावा, घायपातासारख्या काटेरी पानांचं, अर्जेंटिनाकडचं, निळं फुलत नाही पण ओल याच्यापेक्षा बरी सोसतं. तेही पाणी तुंबतं तिथे नको, वाफा थोडा उंच करून मातीत भरपूर खडी मिसळा.

आणि एक, पहिली जागा एवढ्यात खणू नका प्लीज. तुटलेल्या मुळाचा तुकडा खाली राहिला असेल तर त्यालाही कोंब फुटतो, आम्ही रोपं अशीच मुळाच्या तुकड्यांपासून करतो. वसंतात तिथे काही वर आलं तर तण समजून उपटू नका, फोटो पाठवा, मी बघून सांगते.