खुलासा: हतनूर धरणातल्या ‘बिनइंधन’ होडीबद्दल

भुसावळ-रावेरकडच्या ग्रुपांवर माझ्याच होडीचा व्हिडिओ फिरतोय. खाली लिहिलंय, ‘माशासारखे पंख लावले की होडी लाटांवर आपोआप चालते, इंधन नको, मेहनत नको.’ हे खरं नाही. व्हिडिओ कमरेच्या वरचाच आहे, म्हणून पायडल मारणारे माझे पाय त्यात दिसत नाहीत.

पायडल दाबलं की होडीखालचे दोन रबरी पंख डावीउजवीकडे हलतात. पंखाची पुढची कड सळईवर पक्की, मागची लवचीक. ती वाकते आणि जाताना-येताना दोन्ही वेळा पाणी मागे ढकलते. पहिला पंख मी प्लायवूडचा केला होता, तर होडी जागेवरच डुलत बसली! ताकद मात्र सगळी पायांची. साधा माणूस तासभर 75 ते 100 वॅट देऊ शकतो आणि 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. इंजिनाशी बरोबरी नाहीच.

लाटांवर चालणारी बोट असते, हेही खरं. 2008 मध्ये जपानचे केनिची होरिए तशी बोट घेऊन हवाईहून जपानला गेले. पण त्या महासागराच्या लाटा, आणि तरी तीन महिन्यांहून जास्त लागले. धरणात तेवढी लाट कुठली?

परवा एक मासेमार भाऊ इंजिन विकून पंख बसवायचं विचारायला आले, म्हणून हे लिहितोय. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका. पाय दिसणारा पूर्ण व्हिडिओ मागितला तर देतो.