अडुळशाला नेमका प्रश्न विचारा

जर्मनीत थंडी पडली की औषधाच्या दुकानात कफ पातळ करणाऱ्या ॲम्ब्रोक्सॉलच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. त्याचं मूळ अडुळशात आहे. पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध घडवलं गेलं, 1963 साली ते बाजारात आलं आणि शरीरात त्याचं जे रूपांतर होतं, तेच पुढे ॲम्ब्रोक्सॉल म्हणून विकलं जाऊ लागलं.

आपल्याकडे यावर एक गट ‘आमचंच चोरलं’ म्हणतो, दुसरा ‘काढ्याने काय होतंय’ म्हणून हसतो. मुळात ब्रोमहेक्सिन घेतात ते कफ पातळ करायला, जंतू मारायला नव्हे. तरी आपल्या प्रयोगशाळांतून बातमी येते ती ‘अमुक पानाने न्यूमोनियाचे जंतू मेले’ अशीच.

बहुतेकदा कागदाची चकती अर्कात भिजवून आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ठेवलेली असते. तेलकट घटक आगरमध्ये पसरतच नाहीत, त्यामुळे चकतीभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळावरून ताकद ठरत नाही. 96 खळग्यांच्या ताटलीत अर्क दर खळग्याला निम्मा करत न्यावा, मिलिलिटरमागे सुमारे 5 लाख जिवाणू घालावेत, 35 अंशांवर 16 ते 20 तास ठेवावं. अर्क विरघळवायला घेतलेलं डीएमएसओ शेवटी 1 टक्क्याच्या आत हवं, नाहीतर तेच जंतूंची वाढ रोखू शकतं. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूला वाढीच्या माध्यमात घोड्याचं रक्तही लागतं. हिरव्या अर्कात गढूळपणा दिसत नाही म्हणून रेझाझुरिन हा निळा रंग घालतात. जंतू जिवंत असले की निळा रंग गुलाबी होतो. पण अर्कातली फिनॉलंही तो गुलाबी करतात. म्हणून अर्क आणि रंग, जंतू नाहीत, असा एक खळगा हवाच. पानातलं तुरट टॅनिन तर दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि खोटं यश दाखवतं.

मग वाढ थांबायला किमान किती अर्क लागला, तो आकडा पाहायचा. मिलिलिटरला 2 मिलिग्रॅम लागले, तर 5 लिटर रक्तात एका वेळी 10 ग्रॅम अर्क असायला हवा. एवढा काढा कोण पिणार? 100 मायक्रोग्रॅमच्या आत वाढ थांबली तरच पुढे जावं, आणि त्याच मात्रेत माणसाच्या पेशी जगतात का तेही तपासावं.

जर्मनीतही सगळं सिद्ध झालेलंच विकतात असं नाही. युरोपात 30 वर्षांचा वापर, त्यातला किमान 15 वर्षांचा युरोपीय संघात, दाखवला की पारंपरिक वनौषधीची नोंदणी होते. मात्र उपयोग केवळ दीर्घ वापराच्या आधारावर सांगितलाय, हे वेष्टनावर छापावंच लागतं. आपल्या ग्रंथोक्त, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतल्या कृतीने केलेल्या, औषधांना परवान्यासाठी ग्रंथाचा आधार पुरतो. तेवढी एक ओळ त्यांच्या बाटलीवरही छापायला काय हरकत आहे?

अडुळशाची चाचणी कफावर घ्यावी: त्याचा चिकटपणा किती उतरतो, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस तो किती वेगाने वर ढकलतात. आणि अर्क पाण्यात काढावा. घरी कुणी मिथेनॉलसारख्या विषारी अल्कोहोलमध्ये काढा करत नाही.