एका रिअ‍ॅक्शनवर बोळ कसा अडवायचा?

"सेंटिनल घेतलंयस ना, मग कटकट कशाला?" असं पुन्हा कुणी म्हणालं, तर मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) टेबलावरून उठून जाणार आहे. सेंटिनल म्हणजे शेजारून सटकणाऱ्या शत्रूला वार लागला की त्याला जागीच थांबवणारं फीट, म्हणजे लेव्हल वाढल्यावर निवडायचं खास कौशल्य.

शनिवारचंच घ्या. पंधरा फुटी बोळ, समोर चार गॉब्लिन, मधोमध माझं पात्र, फायटर (लढवय्या). पहिला शेजारून सटकायला गेला, त्याला हाणलं. वेग शून्य, जागीच खिळला. झालं, दुसऱ्याच्या पाळीत फेरीला एकदाच करता येणारी कृती, म्हणजे माझी रिअ‍ॅक्शन संपली! उरलेले तिघे माझ्या अंगाला घासून मागे गेले आणि त्यांनी आमच्या क्लेरिकला (पुजाऱ्याला) आडवं केलं. मी हातात तलवार घेऊन नुसता बघत उभा. पुढची पाळी येईपर्यंत मला काही म्हणजे काही करता येत नाही.

आणि विझार्ड? तिसऱ्या लेव्हलला वेब हा मंत्र मिळतो. वीस फुटांचा अख्खा ठोकळा जाळ्याने भरतो. त्यात चार असोत नाहीतर दहा, डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने सुटायचा फासा) चुकला की अडकला, वर त्याला मारताना सगळ्यांना दोन फाशांतला मोठा घ्यायची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज. ड्रुइडकडे तर पहिल्याच लेव्हलला तसाच अडकवणारा एन्टँगल मंत्र. हो, मार बसला की कॉन्सन्ट्रेशन तुटून मंत्र संपू शकतो, माहितीये. माझा वार चुकला तर माझ्याही हातात काही उरत नाही! आणि या एकाला थांबवण्यासाठी मी चौथ्या लेव्हलला सेंटिनलच्या बदल्यात स्ट्रेंथचे (ताकदीचे) दोन गुण सोडलेत. त्यावर सल्ला काय, तर पोलआर्म मास्टर (लांब दांड्याच्या शस्त्रांचं फीट) पण घे. अरे, रिअ‍ॅक्शन तीच एक आहे ना! भाला लांब केला म्हणून ती दोन होते का?

खरी चीड वेगळीच आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत हे फायटरला पहिल्या लेव्हलपासून फुकट होतं. संधीचा वार लागला की शत्रू थांबला, आणि असा वार प्रत्येक शत्रूच्या पाळीत एकदा करता यायचा. चार गॉब्लिन, चार वार. 2014 ला पाचव्या आवृत्तीत ते काढून घेतलं, त्यातलं अर्धंमुर्धं फीट म्हणून परत दिलं. 2024 च्या नव्या नियमांतही फेरीला रिअ‍ॅक्शन एकच.

प्रत्येकाच्या पाळीत वार पाचव्या आवृत्तीतही आहे म्हणे. आहे ना, कॅव्हेलिअर या फायटरच्या एका उपप्रकाराला. अठराव्या लेव्हलला! आमचं एकही कॅम्पेन नवव्याच्या पुढे गेलेलं नाही.