खुलासा : सोटो आणि यँकीजची ऑफर

‘यँकीजने हात आखडता घेतला, म्हणून हुआन सोटो गेला,’ हा न्यूयॉर्कच्या यँकीज या बेसबॉल संघाबद्दल आणि त्याच्या खेळाडूबद्दल मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

डिसेंबर 2024 मध्ये सोटोने न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाशी 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा करार केला. तेव्हाच्या अमेरिकन क्रीडा पत्रकारांच्या बातम्यांनुसार यँकीजची ऑफर होती 16 वर्षांसाठी 76 कोटी. म्हणजे एकूण फरक फक्त 50 लाखांचा. मात्र वर्षाची सरासरी मेट्सकडे 5.1 कोटी, यँकीजकडे 4.75 कोटी, खरी तफावत इथे दिसते. शिवाय त्याच महिन्यात यँकीजने पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) मॅक्स फ्रीडला 21.8 कोटींचा करार दिला, म्हणजे हात आखडता नव्हता.

41 होम रन मारणारा खेळाडू एकाच हंगामानंतर गेला, तोही शहरातल्याच दुसऱ्या संघात. मलाही ते फार लागलं. पण कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. आलेल्या ग्रुपवर हे आकडे टाका.