लम्पी चित्त्यांच्या पिंजऱ्यातून आलेला नाही

गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने परवा लस टोचायला आलेल्या पशुवैद्यकांना गोठ्याच्या दारातूनच परत पाठवले. कारण मोबाइलवर आलेला एक संदेश: लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा विषाणूजन्य रोग आफ्रिकेच्या चित्त्यांबरोबर देशात शिरला, हे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे, विषाणू आता इतका बदलला आहे की शेळ्यांच्या देवी रोगाची लस गायींना टोचणे व्यर्थ, आणि दूधही पिऊ नये.

नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरले ते 17 सप्टेंबर 2022 रोजी. लम्पीची भारतातील पहिली नोंद ओडिशातली, 2019 सालची. हा आळ चित्त्यांवर घालायचा तर पंचांग उलटे वाचावे लागेल. आफ्रिकेचा धागा खरा आहे, एवढे नाइलाजाने मान्य करावे लागते: हा रोग प्रथम 1929 साली झांबियात आढळला, आणि रांचीच्या गायींमधून मिळालेला विषाणू केनियातील वाणाच्या जवळचा निघाला. पण पाहुण्याचे कुळ कळले म्हणून तो कालच्याच गाडीने आला असे ठरत नाही.

खरा घात लसीच्या मुद्द्यात आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान आणि कर्नाटकातील 2022 च्या साथीतील विषाणूच्या नमुन्यांचा जनुकसंच वाचून 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत विषाणूचे दोन गट दिसले: एक 2019 च्या रांची आणि 2020 च्या हैदराबादच्या नमुन्यांसारखा, तर अधिक बदल असलेला दुसरा रशियातील 2015 च्या साथीशी मिळताजुळता. 1800 हून अधिक बदल सापडले, हा आकडा संदेशात मोठ्या अक्षरांत आहे. मात्र या विषाणूच्या जनुकसंचात सुमारे दीड लाख जनुकीय अक्षरे असतात आणि ते बदल सगळे नमुने मिळून मोजलेले आहेत, हे त्यात नाही. शेळ्यांच्या देवीचा विषाणू लम्पीच्याच कुळातला असून दोघांची अक्षरे 96-97 टक्के जुळतात, म्हणूनच ती लस गायीलाही उपयोगी पडते. तिचे संरक्षण पूर्ण नाही हे खरे, आणि म्हणूनच हिसार व इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी रांचीच्याच विषाणूपासून स्वतंत्र लस तयार केली. अपुऱ्या संरक्षणाला व्यर्थ म्हणणाऱ्याने पावसात छत्रीही घेऊ नये.

दुधाचे म्हणाल तर हा रोग माणसाला होत नाही. दूध एरवीप्रमाणे उकळून प्यावे.

मावशीच्या कपिलेच्या मानेवर अजून एकही गाठ नाही. लस टोचायची ती याच अवस्थेत. अंगावर गाठी उठल्यावर तिचा उपयोग नसतो.