तीन सेंटीमीटरचा हिशेब

गेल्या दिवाळीत मी माझ्या सेकंडहँड फोर्ड मस्टँगला, गाडी तीन सेंटीमीटर खाली यावी म्हणून, बुटक्या स्प्रिंगा बसवल्या आणि होळीच्या आत त्या काढूनही टाकल्या. जळगावच्या मित्रमंडळींत हा विषय वारंवार निघतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

गाडी देखणी दिसत होती, हे आधी कबूल करतो. चाक आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी दोन बोटांवर आली होती आणि मेहरूण तलावाच्या काठी गाडी उभी केली की येणारेजाणारे थबकत असत. केवळ रूपासाठी कोणी हा खर्च करत असेल, तर माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती ‘गाडी खाली घेतली की वळणावर चिकटून चालते’ या दाव्याला.

वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ती उंची 50 सेंटीमीटर धरली, तर तीन सेंटीमीटरने तो भार जेमतेम 6 टक्के घटतो. शिवाय पुढे मॅकफर्सन पद्धतीचे (शॉकअपच चाकाला वरून धरतो असे) सस्पेन्शन असल्यामुळे, बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू सहसा गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो, म्हणजे दोहोंतले अंतर वाढून कलण्याची तरफ उलट लांबते. तरीही गाडी कमी कलते, कारण नव्या स्प्रिंगा मुळातच कडक असतात. उंची घटल्याचे श्रेय त्यात फार थोडे.

खरी किंमत शॉकअप मोजतो. कंपनीने दिलेल्या शॉकअपची चाल तेवढीच राहते, पण दबण्यासाठी उरलेल्या वाटेतले तीन सेंटीमीटर गाडी उभी असतानाच संपलेले असतात. शॉकअप किती दबतो ते कळावे म्हणून मी मागच्या शॉकअपचे धूळ-आवरण वर सरकवून दांड्याला प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधला आणि भुसावळहून सावद्यापर्यंत जाऊन आलो. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटेसारखा वरखाली होतो. त्यात केळीच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या वेगळ्याच. परत आल्यावर पाहिले, तर टाय सरकत सरकत थेट बंप रबराला, म्हणजे शॉकअपची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला, भिडला होता. आमचे मिस्त्री वाकून बघत म्हणाले, “भाऊ, ही गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालू आहे.” रबरावर आदळलेले चाक खड्डा झेलत नाही, उडते, आणि हवेतल्या चाकाला कसली पकड?

गतिरोधकांचे तर बोलायलाच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. आपल्या गावोगावचे गतिरोधक उंचीत त्याला सहज मागे टाकतात आणि रुंदीत मात्र उंबरठ्याएवढे असतात. तिरपी गाडी घालूनही पुढचा बम्पर दोनदा खरवडला.

टायरांची चूक मात्र पूर्णपणे माझी. उंची बदलली की चाकांचा कल आणि टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट लगेच करायला हवी होती. मी ती दीड महिना टाळली आणि तेवढ्यात मागच्या टायरांच्या आतल्या कडा गुळगुळीत झाल्या. बाहेरून नक्षी शाबूत दिसत असल्याने गाडी जॅकवर चढेपर्यंत पत्ताच लागला नाही.

स्प्रिंगा सध्या माळ्यावर आहेत. कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने, सोबत त्या मापाचे शॉकअप घेणार असल्यास, जरूर मागाव्यात. मेहरूणला उभे राहण्यासाठी हव्या असतील तरी देईन, फक्त सावद्याच्या रस्त्याने गाडी नेऊ नये.