क्राकोव्हिया म्हणजे फक्त फुटबॉल नव्हे

पोलंडच्या क्राकोव्हिया क्लबवरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यात क्लबची आइस हॉकी एका ओळीत उरकलीत, हे काही पटलं नाही. १९०६ साली, पोलंड नकाशावर नसताना, ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या क्राकुफमध्ये निघालेला हा क्लब. १९३७ साली फुटबॉल आणि हॉकी, दोन्हीकडे राष्ट्रीय विजेता! पुढे मात्र फुटबॉलचं पाचवं आणि आजवरचं शेवटचं लीग विजेतेपद १९४८ चं. तेही गुण सारखे झाल्यावर जादा सामन्यात, क्राकुफमधल्याच सख्ख्या शेजारी विस्वा क्लबला ३-१ ने लोळवून. (विस्वावाल्यांना अजून डिवचतात म्हणे!) हॉकीवाल्यांनी मात्र १९४९ नंतरचा दुष्काळ २००६ मध्ये, क्लबच्या शंभरीतच, संपवला आणि पुढेही विजेतेपदं मिळवली. फुटबॉलवाल्यांच्या हाती २०२० चा पोलिश कप लागला, तेवढा तरी दिलासा.